18 हजार राहू द्या, आधी सांगाडा आवळा

पत्र (थोडं कमी करून):

"सर, आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. सहा एकर कोरडवाहू, पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. मुलगा आठवीत आहे. पुण्याच्या माझ्या भावाने त्याच्या मुलाचे जुने लेगोचे ठोकळे पोतंभर पाठवले होते, सोबत पुस्तिका एकही नव्हती. आधी हा मोबाइलवर पाहून गाड्या बनवायचा, आता मनाने मशिनी बनवतो. यंदा जिनिंगचं मशीन काढलं आहे. दोन रूळ फिरतात, त्यात कापूस ओढला जावा आणि सरकी बाहेरच राहावी असं त्याचं म्हणणं. रिकामं चांगलं फिरतं, पण कापूस लावला की कटकट आवाज करतं आणि मग उकलतं. खेळण्यातल्या गाडीची मोटर लावली, तेही जमलं नाही. आता म्हणतो की 'माइंडस्टॉर्म्स' पाहिजे. भाच्याकडे जुना संच आहे, तो 18,000 ला देतो म्हणतो. त्याचे बाबा म्हणतात, 'काय त्या प्लॅस्टिकच्या तुकड्याईत जीव टाकून बसते! तेवढ्या पैशात फवारणीचा पंप येते.' मला यातलं काही कळत नाही. संच घ्यावा का? आणि मी त्याला मदत तरी कशी करू?"

ताई,

संच घेऊ नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे घरातला अर्धा वाद मिटेल. माइंडस्टॉर्म्स 1998 मध्ये आला. त्यातल्या मोठ्या ठोकळ्यात छोटा संगणक असतो, त्याला मोटरी आणि सेन्सर जोडून प्रोग्राम लिहायचा. वस्तू चांगली होती, पण कंपनीने 2022 च्या शेवटी ती मालिकाच बंद केली. आता जुन्या संचाची बॅटरी बसली तर दुसरी शोधत फिरा, आणि नव्या फोनवर त्याचं अॅप चालेल याची हमी कोण देणार? भाच्यालाही हे ठाऊक असेलच, म्हणून तो विकतो आहे. शिवाय दोन रूळ फिरवायला प्रोग्राम लागत नाही.

आणखी एक. मशीन उकलतं ते मोटर कमी पडते म्हणून असं पोराला वाटतं. मोटर जोरदार मिळाली तर ते याहून लवकर उकलेल. आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवण्यात माझी नोकरी गेली. तिथेही हाच हट्ट असायचा: यंत्र अडलं की मोठी मोटर मागायची. अडचण बहुतेक वेळा सांगाड्यात असते, तुमच्याकडेही मला तीच दिसते.

तपासायची रीत सोपी आहे, आजच करून पाहा. कापूस न लावता हँडल हाताने सावकाश फिरवायला सांगा. रिकामंच जड फिरत असेल तर दांड्या सरळ रेषेत नाहीत, किंवा दांडीवरचे छोटे बुश (दांडी सरकू नये म्हणून तिच्यावर बसवायच्या कड्या) ठोकळ्याला घासताहेत. बुश आणि ठोकळ्याच्या मधे कागद सरकेल एवढी फट ठेवायची. रिकामं हलकं फिरतं आणि ओझं आल्यावरच कटकट होते, तर गिअरचे दात एकमेकांवरून उड्या मारताहेत. दात उडतात कारण ओझ्याखाली दोन दांड्या एकमेकींपासून दूर ढकलल्या जातात, आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या भिंती फाकतात. तुमच्या पत्रावरून तरी प्रकार हा दुसराच आहे. पडताळायला त्याला दोन्ही भिंती दोन हातांनी दाबून धरायला सांगा आणि हँडल तुम्ही फिरवा. कटकट थांबली तर रोग सापडला.

आता उपाय. यात थोडं गणित आहे, पण आठवीच्या पोराला झेपेल असं. तुम्हाला समजलं नाही तरी चालेल, हा भाग त्यालाच वाचायला द्या.

या ठोकळ्यांचं सगळं माप 8 मिलिमीटरवर बेतलेलं आहे. वरच्या एका बटणापासून शेजारच्या बटणापर्यंत 8, आडव्या भोकांमधलं अंतर 8. उंचीचा हिशेब मात्र वेगळा. पूर्ण ठोकळा 9.6 मिलिमीटर उंच, पातळ प्लेट 3.2, म्हणजे तीन प्लेटा मिळून एक ठोकळा. इथेच पोरं फसतात. आडवी भोकं गिअरला बरोबर बसतात, म्हणून उभीही बसतील असं धरून चालतात. भोकाच्या ठोकळ्यावर भोकाचा ठोकळा ठेवला तर दोन भोकांत 9.6 चं अंतर पडतं, आणि ते 8 च्या कोणत्याच पाढ्यात येत नाही. दोन ठोकळ्यांच्या मधे दोन प्लेटा घाला. 9.6 अधिक 6.4, झाले 16. बरोबर दोन भोकांचं अंतर. आता बाहेरून एक भोकाची पट्टी उभी लावा, खाली एक पिन, वर एक पिन. वरचा ठोकळा आता बटणांच्या भरवशावर नाही. बटणांवर दाबून बसवलेला ठोकळा वर ओढला की निघतो. पिनेने बांधलेला असा निघत नाही, आधी पिनच काढावी लागते. त्याच्या मशीनच्या चारही कोपऱ्यांवर अशा उभ्या पट्ट्या आहेत का, पाहा. नसाव्यात.

गिअरचं गणित याहून मजेचं आहे. दोन गिअरचे दात मोजायचे, बेरीज करायची, निम्मी करायची. जो आकडा येईल तेवढे मिलिमीटर त्यांच्या दांड्यांत अंतर पाहिजे. 8 आणि 24 दात: बेरीज 32, निम्मे 16, म्हणजे दोन भोकं. 8 आणि 40: निम्मे 24, तीन भोकं. 16 आणि 16: पुन्हा 16, दोन भोकं. पण 16 आणि 24 घेतले तर 20 येतात, अडीच भोकं! ती जोडी साध्या भोकांत सरळ रेषेत बसणारच नाही. मुलं मग ती उभ्या रांगेत दोन ठोकळ्यांच्या अंतरावर कोंबतात. तिथे 19.2 मिळतात, दात एकमेकांत रुततात आणि मशीन जड होतं. पोत्यातून येईल तो गिअर उचलून लावून बघण्यापेक्षा आधी दात मोजावे.

तिसरी गोष्ट तिरक्या आधाराची. बाज खिळखिळी झाली की तिचे चारही पाय शाबूत असतात, तरी ती एका अंगाला कलते, तसंच या चौकटीचं होतं. चार पट्ट्या, चार कोपऱ्यांत चार पिना, की चौकट हाताने ढकलली तर तिरपी होते. तिच्यात एक तिरकी पट्टी टाकली की हलत नाही. तिरकी पट्टी कुठे बसेल यासाठी पायथागोरसचे 3-4-5 आहेतच, फक्त भोकं न मोजता भोकांमधली अंतरं मोजायची. तीन अंतरांना चार भोकं, चार अंतरांना पाच, पाच अंतरांना सहा. म्हणजे एका बाजूला चार भोकांची, दुसऱ्या बाजूला पाच भोकांची आणि तिरकी सहा भोकांची पट्टी, पिना आपसूक बसतात. आठवीत हे प्रमेय पाठ करणाऱ्या किती पोरांनी त्याचा असा उपयोग केला असेल?

आता मूळ मशीनकडे वळू. त्याने विषय छान निवडला आहे. एक घोळ होऊ नये म्हणून सांगतो. तो बनवतो आहे ते जुन्या हातरेच्याचं, म्हणजे हाताने सरकी काढायच्या यंत्राचं तत्त्व: दोन बारीक रूळ एकमेकांना टेकून उलट दिशांना फिरतात, रुई मधून ओढली जाते, सरकी जाड म्हणून अलीकडेच राहते. गावाजवळच्या जिनिंगमध्ये दोन रुळांचं मशीन असतं खरं, पण तिथे कापूस त्या दोन रुळांच्या मधून जात नाही. प्रत्येक रुळावर चामडं असतं आणि त्याला एक स्थिर पातं टेकलेलं असतं. खरखरीत चामडं रुईला पात्याखालून ओढून नेतं, सरकी पात्याच्या अलीकडे अडते, आणि मधला हलणारा दांडा तिला झटके देऊन मोकळी करतो. मग ती खालच्या जाळीतून गळते. पोराने जिनिंगचं मशीन पाहून लेगोचं बनवायला घेतलं असेल आणि पातं विसरला असेल, तर सांगाडा कितीही आवळला तरी सरकी निघणार नाही. म्हणून बाबा कापूस विकायला नेतील तेव्हा याला सोबत नेऊ द्या आणि तिथल्या फिटरला विचारू द्या. फिरत्या पट्ट्यांच्या आणि चालू मशीनच्या जवळ मात्र जायचं नाही, ही अट पक्की. सैल सदरा आणि फिरता पट्टा यांचं वैर आहे.

हातरेच्याचंच तत्त्व ठेवायचं तर मी असा करीन. दोन रूळ एकावर एक. दोघांच्या एका टोकाला 16 दातांचे दोन सारखे गिअर एकमेकांत अडकवलेले, म्हणजे रूळ आपोआप उलट दिशांना आणि सारख्याच वेगाने फिरतील. या जोडीमुळे दांड्यांत 16 मिलिमीटर अंतर आलं. मग रुळाची जाडीही 16 च्या जवळपास पाहिजे, तरच ते टेकतील. लेगोची दांडी 4.8 मिलिमीटर जाड असते, म्हणजे तिच्याभोवती साडेपाच मिलिमीटरच्या आसपास थर चढवायचा. इथे लेगोचा हट्ट सोडायचा. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापायची आणि दांडीवर ताणून घट्ट गुंडाळत जायचं. दर दोन-तीन वेढ्यांनंतर मोजपट्टीवर माप घ्यायचं. रूळ टेकले पाहिजेत, पण हँडल जड व्हायला नको. रबर कापसाला पकडतं, गुळगुळीत प्लॅस्टिक पकडत नाही. चिकटवायला फेविक्विक वापरू नका, दांडी कायमची जाते. पट्टीचं टोक दोऱ्याने बांधलं तरी भागतं.

हँडल सरळ रुळावर लावायचं नाही. हँडलच्या दांडीवर 8 दातांचा गिअर, खालच्या रुळाच्या दुसऱ्या टोकाला 24 दातांचा. हँडलचे तीन फेरे होतील तेव्हा रुळाचा एक, वेग एक तृतीयांश आणि जोर सुमारे तिप्पट, घर्षणात जाईल तेवढा सोडून. दांड्या होतील तेवढ्या आखूड ठेवायच्या, लांब दांडी ओझ्याखाली पिळवटते. आणि प्रत्येक गिअरच्या दोन्ही बाजूंनी दांडीला आधार हवा. एकीकडूनच धरलेला गिअर कलतो, दात अर्धेच अडकतात.

कापूस उन्हात चांगला वाळवलेला घ्या. बोंडाची एकेक पाकळी सुटी करून, थोडी पिंजून, टोकाकडून लावायची. मूठभर कोंबली तर लोखंडी रेचाही अडेल. एक खरं सांगून ठेवतो: सरकीला रुई घट्ट धरून असते. प्लॅस्टिकच्या दांड्या आणि गिअर ते किती ओढ सोसतील याला मर्यादा आहे. दोन-चार सरक्या स्वच्छ निघाल्या तर मशीन जमलं असं धरा. किलोभर कापूस काढण्याचं स्वप्न असेल तर तेवढं लाकूड, लोखंडी सळई आणि गावच्या सुताराचं काम आहे. तेही त्याने पुढे करून पाहावं, मला आवडेल.

मोटर सगळ्यांत शेवटी, हाताने मशीन बिनआवाज चालू लागल्यावर. खेळण्याच्या गाडीची उघडी मोटर मिनिटाला काही हजार फेरे घेते, पण जोर नसतो, म्हणून ती रुळाला जोडताच गुरगुरून थांबते. 8 आणि 40 ची जोडी लागोपाठ दोनदा लावली तर वेग पंचविसावा हिस्सा होतो, मग कामाची. एवढे गिअर पोत्यात नसतील तर यवतमाळ-अमरावती-नागपूरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पिवळी बीओ मोटर मागा. तिच्या पोटातच गिअर असतात, दोन-चार पेन्सिल सेलवर चालते आणि स्वस्त मिळते. दांडीला जोडायला रबरी नळीचा तुकडा पुरतो. घरच्या लाइटचा करंट आणि जुन्या मोबाइलच्या फुगलेल्या बॅटऱ्या याला लावायच्या नाहीत. यावर चर्चा नको.

तुम्ही काय मदत करायची, हे विचारलंत. यंत्र समजून घ्यायची गरज नाही. चौकटीची वही आणून द्या. समोरून आणि बाजूने, दोन्ही चित्रं आधी वहीत काढायची. आडवा एक चौकोन म्हणजे एक भोक. उंचीला पाच प्लेटा म्हणजे दोन चौकोन, कारण पाच गुणिले 3.2 पुन्हा 16. आणि सुरुवात भिंतींपासून करायची नाही. पोरं आधी बाहेरचा डब्बा सुंदर बांधतात, मग आत गिअरला जागा उरत नाही. रूळ आधी, त्यांना धरणारे आधार नंतर, सांगाडा त्याच्याभोवती, रंगरूप अगदी शेवटी.

दुसरं, पोतं. रंगांनुसार वेगळं करू नका, दिसायला छान दिसतं पण कामाचं नाही. लाल ढिगात लाल पिन सापडत नाही. आकारानुसार करा: पिना एका बरणीत, दांड्या लांबीप्रमाणे, गिअर वेगळे. किराणा दुकानातल्या गोळ्या-बिस्किटांच्या रिकाम्या बरण्या उत्तम. धुवायचे तर 40 अंशांपेक्षा गरम पाणी नको असं कंपनीच सांगते. आपल्याकडे मे महिन्यात टाकीच्या नळालाच याहून गरम पाणी येतं, तेव्हा धुणं हिवाळ्यात उरका. उन्हात वाळवत ठेवू नका, पांढरे आणि राखी ठोकळे पिवळे पडतात.

शाळेत कॉम्प्युटर असेल तर लिओकॅड किंवा स्टुडिओ हे फुकटचे प्रोग्राम घालून घ्या. त्यात ठोकळे न संपता मशीन जोडून पाहता येतं, मागून-खालून फिरवता येतं. मेकाब्रिक्स तर ब्राउझरमध्येच चालतं. पण मी ते दुसऱ्या नंबरवर ठेवतो. पडद्यावर ठोकळे वाट्टेल त्या रंगाचे, वाट्टेल तेवढे मिळतात आणि काहीच फाकत नाही. याच्या पोत्यात 24 दातांचे गिअर दोनच असतील तर पडद्यावरचे सहा काय कामाचे? आणि भिंत फाकते कशी हे बोटांनाच कळतं.

खरेदी करायचीच तर सुटे भाग घ्या: पिना, 8, 16 आणि 24 दातांचे गिअर, दांड्या, थोड्या भोकाच्या पट्ट्या. बाहेरच्या खेळण्यांवरचं आयात शुल्क फेब्रुवारी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 आणि 2023 मध्ये 70 झालं, तेव्हा परदेशातून मागवणं परवडणार नाही. लेगोसारखेच दिसणारे स्वस्त ठोकळे बाजारात आहेत, त्यांवर आयएसआय शिक्का पाहून घ्या. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे. ते भिंतींना चालतात. गिअर आणि दांड्या मात्र मिसळू नका, केसाएवढा फरकही तिथे नडतो. आपल्याकडे मेकॅनिक्स नावाचा भोकाच्या लोखंडी पट्ट्यांचा आणि नटबोल्टचा संच मिळतो. या पोराचा कल पाहता वाढदिवसाला मी तोच देईन. आणि काहीच घ्यायचं नसेल तर अरविंद गुप्तांची खेळणी इंटरनेटवर फुकट आहेत: काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून सांगाडे. त्रिकोण का हलत नाही आणि चौकोन का हलतो, हे त्यातून दहा मिनिटांत हाताला कळतं.

बाबांना एवढंच सांगा: लेगोवाला ओले कर्क क्रिस्टियनसेन सुतार होता. डेन्मार्कमधल्या बिलुंड नावाच्या खेड्यात मंदीच्या दिवसांत घरबांधणीची कामं मिळेनाशी झाली, तेव्हा 1932 मध्ये त्याने लाकडी खेळणी करायला घेतली. आजचा बटणांचा ठोकळा 1958 चा. हा श्रीमंत शहरातल्या पोरांसाठी निघालेला उद्योग नव्हता. पोरगा यातून इंजिनिअर होईल असं मी म्हणणार नाही, तुम्हीही घरात म्हणू नका. तसं म्हटलं की उद्या गणितात मार्क कमी पडले की हेच ठोकळे माळ्यावर जातील. अभ्यासाची वेळ ठरवा, ठोकळ्यांची ठरवा, दोन्ही पाळायला लावा. आणि बाबांना एकदा त्या भिंती दाबून धरायला बसवा. ज्याने तिफण आणि पंप स्वतः दुरुस्त केले आहेत त्याला कुठे फाकतं हे पोराआधी दिसेल.

शाळेतले सर विज्ञान प्रदर्शनाचं विचारतील. तालुक्याला न्यायला हरकत नाही. इन्स्पायर-मानक पुरस्कारासाठी मात्र हे मशीन पाठवायची घाई नको. त्या योजनेत निवडलेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात 10,000 रुपये येतात, पण तिथे नवी कल्पना मागतात आणि रेचा नवा नाही. वेचणाऱ्या बायांना दिवसभर वाकून काय त्रास होतो, हे त्याने तुमच्याकडून नीट ऐकलं तर तिथे पाठवण्याजोगं काही सुचेल कदाचित.

नवा सांगाडा झाला की फोटो पाठवा. समोरून काढू नका, बाजूने काढा, आणि हँडल फिरवताना कापूस लावलेला असू द्या.